नेरूळमधील अठरा वर्षांची गाडी, गंजलेली सिल आणि मर्यादित खर्च: पत्राकामाबद्दल सल्ला हवा आहे

खाडीवारा, नेरूळ
१३ ऑक्टोबर २०२४

नमस्कार. माझ्याकडे २००६ सालची, एमएच-४३ पासिंगची, पाच दारांची लहान पेट्रोल गाडी आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि आजवर ती ८६ हजार किलोमीटर चालली आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांबद्दल काहीही तक्रार नाही. गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये गुलमोहराखाली उभी असते आणि खाडी तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. पत्र्याची अवस्था मात्र गेल्या दोन पावसाळ्यांत फारच बिघडली आहे.

डाव्या बाजूच्या दोन्ही दारांखाली जी पोकळ पट्टी असते, जिला गॅरेजमध्ये सिल म्हणतात, तिच्यावर रंगाचे फोड आले होते. मागच्या रविवारी त्यांवर स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच दाबले, तर टोक सरळ आत गेले. याच जागेचे काम मी तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजमधून ७ हजार रुपये देऊन करून घेतले होते. आता तो भाग खरवडला, तेव्हा रंगाखाली बोटभर जाडीची पुट्टी आणि तिच्या मागे फोमचा बोळा निघाला. नवा पत्रा कुठेच लावलेला नव्हता. हे पाहून मला पैशांपेक्षा जास्त वाईट याचे वाटले की याच गाडीतून मी रोज मुलीला शाळेत सोडत होतो.

याशिवाय मागच्या डाव्या चाकाच्या कमानीची कड पापुद्र्यांसारखी सुटते आहे, डिकीच्या दाराची खालची किनार तांबूस झाली आहे, उजव्या मागच्या दाराला पार्किंगमधल्या खांबामुळे मोठा पोचा आहे आणि मागच्या बंपरचा एक कोपरा फाटला आहे. एका ठिकाणी संपूर्ण गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगचे ५८ हजार सांगितले. दुसऱ्या ठिकाणी ९ हजारांत ‘सगळे भरून, रंगवून देतो’ असे सांगितले, आणि ‘भरून’ या शब्दाचीच आता मला भीती वाटते. माझी तयारी २० हजारांपर्यंत आहे. रविवारचा वेळ देता येईल, घरी लहान ग्राइंडर आहे आणि हातकामाची आवड आहे. कोणते काम स्वतः करावे आणि कोणते कारागिराकडे द्यावे? विम्यातून काही मिळू शकते का?


पत्राकाम, ठाणे
१३ ऑक्टोबर २०२४

मी वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षे फॅब्रिकेशनच्या कामात होतो आणि गाड्यांचे पत्रेही बरेच बदलले आहेत. तुमच्या गाडीत वरून गंभीर दिसणारा पोचा हा सर्वांत किरकोळ प्रश्न आहे आणि सिल हा सर्वांत मोठा आहे, ही गोष्ट आधी मनाशी पक्की करावी.

या लहान गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळपत्रा, सिल, खांब आणि छत यांची मिळून एकच पेटी तयार होते आणि तीच सगळा भार घेते. त्या पेटीत सिल तुळईचे काम करते. बाजूने धक्का बसला, तर दारानंतर तीच प्रवाशाला वाचवते, आणि जॅक लावण्याची जागाही तिच्याच कडेला असते. तिथे पुट्टी भरणे म्हणजे घराच्या बीममध्ये पडलेल्या खड्ड्यावर कागद चिकटवून चुना लावण्यासारखे आहे. म्हणून कोणत्याही गंजाबद्दल पहिला प्रश्न असा विचारावा की हा पत्रा भार घेणारा आहे, की फक्त वरचे आवरण आहे. दाराचा बाहेरचा पत्रा, बॉनेट आणि डिकीची किनार ही आवरणे आहेत आणि तिथे थोडीफार तडजोड चालते. सिल, तळपत्रा, पुढचे लांब दांडे, शॉकअबसॉर्बर ज्यात बसतो तो टॉवर, सीटबेल्टचे बोल्ट आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पकडी यांच्या बाबतीत तडजोड अजिबात चालत नाही.

पैसे खर्च करण्याआधी गाडी लिफ्टवर घ्या आणि बोथट स्क्रू-ड्रायव्हर व छोटी हातोडी घेऊन या सगळ्या जागा ठोकून पाहा. चांगला पत्रा खणखणतो आणि कुजलेला पत्रा भदभद वाजतो. टॉवर किंवा अ‍ॅक्सलच्या पकडी गेल्या असतील, तर माझा प्रामाणिक सल्ला असा राहील की एक रुपयाही घालू नका आणि गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. त्या जागा शाबूत असतील, तर सिल आणि कमान यांचे काम २० हजारांच्या आसपास व्यवस्थित होऊ शकते.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारतो. डाव्या बाजूच्या पायपुसण्याखाली पावसाळ्यात ओल येते का? सिल बाहेरच्या पाण्याने क्वचित कुजते. बहुतेक वेळा ती आतून कुजते आणि बाहेरचा फोड ही त्याची शेवटची खूण असते. पाणी कुठून येते हे कळल्याशिवाय पत्रा कापू नका.


घोडबंदरकर
१४ ऑक्टोबर २०२४

मला वाटते की इतका खोल विचार करण्याची गरज नाही. तार-ब्रशने गंज झाडून घ्यावा, वर रेड ऑक्साइडचे दोन हात द्यावेत आणि खालून रबरी अंडरबॉडी कोटिंग मारून घ्यावे. साडेतीन-चार हजारांत काम होते. माझ्या गाडीला मी दोन वर्षांपूर्वी असेच करून घेतले आणि अजून काही दिसत नाही. इतक्या जुन्या गाडीवर २० हजार घालणे मला पटत नाही.


रंगरसायन, कोपरखैरणे
१४ ऑक्टोबर २०२४

घोडबंदरकर, तुमची खर्चाची काळजी मला समजते. तरीही हा उपाय गंजलेल्या पत्र्यावर करू नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण ‘काही दिसत नाही’ हाच त्या कोटिंगचा धोका आहे. मी रंगाच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षे काम केले आहे. गंजलेल्या पट्ट्यांवर कोटिंग देऊन त्या मिठाच्या फवाऱ्याच्या पेटीत ठेवल्या, की काय होते हे मी शेकडो वेळा पाहिले आहे.

गंजाला लोखंड, पाणी आणि प्राणवायू या तीनच गोष्टी लागतात. मीठ स्वतः लोखंड खात नाही. मात्र त्यामुळे पाण्यातून वीज सहज वाहू लागते आणि गंजाची क्रिया अनेक पटींनी वेगवान होते. आपल्या भागासाठी दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी शोषून स्वतःच विरघळू लागते. डब्यातल्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटते, तेच इथे घडते. नेरूळ, वाशी, ऐरोली किंवा कोपरीसारख्या खाडीलगतच्या भागांत जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळा या पातळीच्या वर असते. त्यामुळे गंजाच्या खळग्यांत मीठ अडकलेले असेल, तर पाऊस पडत नसतानाही तो पत्रा ओलाच राहतो. त्यावर रबरी किंवा डांबरी थर दिला, तर आतली ओल कोंडली जाते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पटींनी जास्त जागा व्यापत असल्याने तो वरचा थर उचलतो, आणि त्या फटीतून नवे पाणी आत जाते.

रेड ऑक्साइडबद्दलही गैरसमज आहे. त्यातला तांबडा रंग हा लोहाचाच ऑक्साइड असतो आणि तो फक्त आडपडद्याचे काम करतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एका डब्यातला रेड ऑक्साइड जिन्याच्या ग्रिलला ठीक आहे. चाकाने उडवलेले पाणी रोज झेलणाऱ्या जागेला दोन भाग मिसळून वापरायचा इपॉक्सी प्रायमरच हवा. तो महाग असतो, पण अशा कामाला अर्धा लिटर पुरतो.

गंज-रूपांतरक म्हणून जे द्रव मिळतात, त्यांत टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्ल असते. टॅनिक आम्ल गंजाशी मिळून निळसर काळे लोह-टॅनेट बनवते. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी जी काळी शाई करत, तिच्यामागचे रसायन हेच आहे. मात्र हा द्रव पत्र्याला घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावरच काम करतो. पापुद्रे सुटत असतील, तर त्यांवर तो ओतणे व्यर्थ आहे. आधी तार-ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर यांनी जागा घासावी, मग भरपूर गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावे, हेअर ड्रायरने सुकवावी आणि त्यानंतरच तो द्रव लावावा. धुण्याची पायरी बहुतेक लोक गाळतात. माझ्या मते याच पायरीवर काम किती वर्षे टिकणार हे ठरते.


ऐरोली_निवासी
१५ ऑक्टोबर २०२४

विम्याविषयी थोडक्यात सांगतो. गंज ही झीज मानली जाते, त्यामुळे त्याचा दावा होत नाही. खांबाला लागून आलेला पोचा ‘ओन डॅमेज’ (स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा) विमा असल्यास दाव्यात बसतो. परंतु १० वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या बदललेल्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा (जुनेपणाची वजावट) कापला जातो, बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या भागांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के कापला जातो, आणि १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० रुपये आपल्यालाच भरावे लागतात. त्यात पाच वर्षे दावा न करता मिळवलेला ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनसही (हप्त्यातली सूट) जातो. एका दाराच्या पोच्यासाठी हे परवडत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमच्या गाडीच्या नोंदणीला २०२१ साली १५ वर्षे झाली असणार आणि नूतनीकरण पाच वर्षांसाठी असते, म्हणजे २०२६ साली पुन्हा तपासणी येईल. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी ६०० वरून ५,००० रुपये करण्यात आले होते. तेव्हा जो दर असेल, तो खर्चही हिशेबात धरा. काम करताना गाडीचा मूळ रंग मात्र बदलू नका, कारण रंग बदलल्यास आरसी पुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते.


खाडीवारा, नेरूळ
२७ ऑक्टोबर २०२४

सर्वांचे मनापासून आभार. पत्राकाम काकांच्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. जुईनगरला एका ओळखीच्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेऊन सगळ्या जागा ठोकून पाहिल्या. टॉवर, पुढचे दांडे आणि अ‍ॅक्सलच्या पकडी खणखणीत आहेत. उजवी सिलही चांगली आहे. डाव्या सिलचा सुमारे ५५ सेंटीमीटर लांबीचा बाहेरचा भाग आणि तिला लागून तळपत्र्याचा तळहाताएवढा तुकडा गेला आहे.

त्यानंतर डावी सीट काढून गालिचा उचलला. वरून तो कोरडा वाटत होता, पण त्याखालचा जाड नमदा पिळल्यावर बादलीत पाणी पडले. एसीच्या निचऱ्याची नळी आधी तपासली, ती मोकळी होती. मग पत्नी टॉर्च घेऊन आत बसली आणि मी बाहेरून पाइपने खालपासून वर, एकेका जागेवर पाच-पाच मिनिटे पाणी सोडले. वरून सुरुवात केली असती तर पाणी सगळीकडेच ओघळले असते आणि वाट कळली नसती. दोन वाटा सापडल्या. पहिली म्हणजे वायपरखालच्या जाळीच्या कोपऱ्यातले निचऱ्याचे भोक. गुलमोहराची बारीक पाने कुजून तिथे अक्षरशः माती झाली होती आणि साचलेले पाणी पंख्याच्या तोंडातून आत येत होते. दुसरी वाट पुढच्या डाव्या दारात होती. दाराच्या आतल्या पॅडमागे एक प्लॅस्टिकचा पडदा असतो, तो काही वर्षांपूर्वी काचेची मशीन बदलताना फाडून तसाच ठेवला होता. काचेवरून दारात उतरणारे पाणी त्या पडद्यामुळे दाराच्या तळाकडे जाऊन भोकांतून बाहेर पडायला हवे, ते थेट तळपत्र्यावर येत होते.

सर्वांत वाईट गोष्ट सिलच्या तळाशी होती. तिथे पाणी बाहेर जाण्यासाठी जी लहान भोके असतात, ती मागच्या दुरुस्तीच्या वेळी पुट्टीने आणि काळ्या कोटिंगने बुजवली गेली होती. पाणी आत येत होते आणि त्याला बाहेर जायला वाटच नव्हती. दाराचा पडदा मी जाड प्लॅस्टिक आणि ब्यूटाइलची चिकट पट्टी आणून नवा बसवला, जाळी साफ केली, आणि नमदा तीन दिवस गच्चीवर वाळवला.


पत्राकाम, ठाणे
२८ ऑक्टोबर २०२४

आता पत्रा कापायला हरकत नाही. वेल्डिंग कारागिराकडेच द्या, पण त्याच्याकडून काय करून घ्यायचे हे तुम्हाला माहीत असले पाहिजे, कारण हे काम एकदा झाकले की पुन्हा दिसत नाही.

काम सीओटू वेल्डिंगनेच (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात तारेने होणाऱ्या) करून घ्यावे. गॅस वेल्डिंगची उष्णता दूरवर पसरते. त्यामुळे ०.८ मिलिमीटरचा पत्रा वाकतो आणि कारखान्यात बॉडी बुडवून दिलेला मूळ प्रायमर आतून जळून जातो. पत्रा २० किंवा २२ गेज जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्यावा. तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळेलच, पण एवढ्याशा तुकड्यासाठी तिकडे जाण्यापेक्षा तुर्भे किंवा रबाळे एमआयडीसीतल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडे उरलेले तुकडे मागावेत. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पत्रा वेल्डिंगच्या जागी वापरायचा असेल, तर तिथला मुलामा आधी घासून काढावा लागतो, कारण जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. मी स्वतः तो भोगला आहे.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली हवी. सीट, गालिचा आणि तारांचा जुडगा बाजूला झालेला हवा. पेट्रोलची नळी खालून कुठे जाते हे आधी पाहून घ्यावे आणि ओले गोणपाट व अग्निशामक हाताशी असावा. सिल कापताना गाडी जॅकवर टांगलेली नसावी. ती चारही चाकांवर सपाट उभी असावी आणि दारे बंद करून, दारांच्या फटी मोजून ठेवाव्यात. कापल्यावर गाडी किंचित जरी बसली, तरी दारे नंतर कधीच नीट लागत नाहीत.

कुजलेला भाग ठोकून वाजणाऱ्या, चकचकीत पत्र्यापर्यंत कापावा. इथे हात आखडता घेतला, तर वेल्डिंगचा टाका पातळ पत्र्याला धरत नाही आणि भोक मोठे होत जाते. तुकड्याचे कोपरे गोल ठेवावेत. टाके एका ओळीत न मारता, एक इथे तर एक पलीकडच्या टोकाला, असे थांबत थांबत मारावेत आणि मधे पत्रा गार होऊ द्यावा. आतल्या पत्र्याचे काम पूर्ण झाल्यावर बाहेरचा पत्रा लावण्याआधी आत इपॉक्सी प्रायमर लागलाच पाहिजे. त्या क्षणी तुम्ही तिथे उभे राहा. ‘पत्रा मोकळा झाला की मला बोलवा आणि मी पाहिल्याशिवाय झाकू नका’ एवढी एक अट घातली, तर चांगला कारागीर अजिबात रागावत नाही.

निचऱ्याची भोके पुन्हा त्याच जागी पाडून घ्या. सगळे झाल्यावर सांध्यांवर सीम सीलर (फटी बुजवणारा चिकट पदार्थ) आणि त्याच भोकांतून बारीक नळीने आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत सोडायचे गंजरोधक मेण. वेल्डिंगच्या मागच्या बाजूचा प्रायमर जळलेलाच असतो आणि तिथे ब्रश पोहोचत नाही, म्हणून हे मेण सोडू नका.


ऐरोली_निवासी
२९ ऑक्टोबर २०२४

मेणाऐवजी इंजिनचे जळके तेल फवारले तर चालते का? कोकणात आमच्या गावाकडे अनेक जण ट्रकच्या खाली ते मारताना पाहिले आहेत.


पत्राकाम, ठाणे
२९ ऑक्टोबर २०२४

पत्रा काही काळ वाचतो हे खरे आहे. परंतु ते तेल सस्पेन्शनच्या रबरी बुशांवर पडले की रबर फुगून सुटते, ब्रेकवर उडाले तर जिवाशी गाठ आहे, आणि पहिल्या पावसात ते सगळे गटारात आणि तिथून खाडीत जाते. ते वापरू नये.


खाडीवारा, नेरूळ
१० नोव्हेंबर २०२४

दाराच्या पोच्यासाठी दोन पर्याय समोर आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर याच मॉडेलचे जुने दार ३,८०० रुपयांना मिळते आहे, पण रंग वेगळा आहे. सानपाड्यातला एक डेंटर तेच दार ठोकून सरळ करण्याचे २,५०० मागतो. काय करावे?


पत्राकाम, ठाणे
१० नोव्हेंबर २०२४

पोचा दाराच्या मधल्या सपाट भागात असेल आणि पत्रा फाटलेला नसेल, तर डेंटरकडेच द्या. दुसऱ्या रंगाचे दार आणले, तर ते आतल्या कडांसकट रंगवावे लागते आणि स्वस्तात मिळालेले दार महाग पडते. डेंटरने पत्रा आधी आतून डॉली (पत्र्याला टेकवायचा लोखंडी ठोकळा) आणि हातोडीने किंवा वॉशर वेल्ड करून बाहेर ओढला पाहिजे. शेवटी पुट्टी दोन-तीन मिलिमीटरहून जाड नसावी. काम घेताना लोहचुंबक रुमालात गुंडाळून दारावर फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर आहे असे समजा. दार आणायचेच झाले, तर पावती घेतल्याशिवाय आणू नका.


रंगरसायन, कोपरखैरणे
११ नोव्हेंबर २०२४

पुट्टीविषयी थोडे सांगते, कारण घरी काम करणाऱ्यांच्या हातून सर्वाधिक चुका तिथेच होतात. गाडीला हार्डनर (घट्ट करणारे द्रव्य) मिसळून वापरायची पॉलिएस्टर पुट्टी घ्यावी. हार्डनरचे प्रमाण वजनाच्या सुमारे २ टक्के असते. लवकर सुकावी म्हणून तो जास्त घातला, तर पुट्टी ठिसूळ होते आणि वरच्या रंगावर डाग उमटतात. ही पुट्टी बारीक छिद्रांची असते आणि पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासावी. आपले बरेच पेंटर उघड्या पुट्टीवर वॉटर पेपर पाण्यासह फिरवतात. ते पाणी खाली पत्र्यापर्यंत जाते आणि पुढच्या पावसाळ्यात फोड बनून वर येते. वॉटर पेपर वापरायचा तो पुट्टीवर प्रायमर बसल्यानंतर.

रंगाचा कोड इंजिनच्या खोलीतल्या पट्टीवर मिळेल, पण अठरा वर्षांच्या उन्हाने तुमचा रंग त्या कोडपासून दूर गेलेला असतो. पेट्रोलच्या टाकीचे झाकण काढून, पॉलिश करून ते रंगाच्या दुकानात न्या आणि त्यावरून कॉम्प्युटर मॅचिंग करून घ्या. शेवटचा रंग मात्र स्वतः मारू नका. दोन भागांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या आणि क्लिअरच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या, हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्यामुळे एकदा दमा जडला, की पुढे अगदी थोड्याशा संपर्कानेही त्रास होतो, आणि साधा एन-९५ मास्क त्याला अडवत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे लहान मुले खेळतात, तिथे तर तो मुळीच फवारू नये. इपॉक्सी प्रायमर ब्रशने लावला, तर घरी चालतो. तेव्हाही हातमोजे घालावेत आणि जागा मोकळी, हवेशीर असावी.

हे सर्व डिसेंबर-जानेवारीत करा. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेत त्यावर दव धरते आणि स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पांढुरका पडतो.


खाडीवारा, नेरूळ
१९ जानेवारी २०२५

काम पूर्ण झाले आहे, म्हणून सविस्तर हिशेब देत आहे. सिल आणि तळपत्रा यांचे पत्र्यासह वेल्डिंग ६,५०० रुपये, डेंटर २,५००, तीन जागांचा रंग ७,०००, इपॉक्सी प्रायमर, पुट्टी, पॉलिश पेपर, रूपांतरक, सीम सीलर आणि मेण मिळून ४,२००, आणि ब्यूटाइल पट्टी, क्लिपा व बंपरचे प्लॅस्टिक वेल्डिंग असे किरकोळ १,१००. एकूण २१,३०० झाले, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा १,३०० जास्त.

सगळे सुटे करणे, घासणे, धुणे, प्रायमर आणि मेण ही कामे मी पाच रविवारांत स्वतः केली. कमानीची कड वाटली त्यापेक्षा पुष्कळ चांगली निघाली. पापुद्रे काढल्यावर आत घट्ट पत्रा होता आणि तिथे फक्त रूपांतरक व इपॉक्सी पुरले. डिकीच्या किनारीला एक भोक निघाले, ते वेल्डिंगवाल्याने दोन टाक्यांत बंद केले. वेल्डिंगवाला तुर्भ्याचा होता. त्याने आतला पत्रा झाकण्याआधी खरोखरच फोन केला. दुपारच्या सुट्टीत मी पोहोचलो, तेव्हा प्रायमर सुकायला ठेवून तो जेवायला बसला होता. दारांच्या फटी आधी मोजल्या तेवढ्याच आहेत.

एक चूक झाली. दाराचा रंग नव्याने मारला आणि पुढच्या दाराच्या तुलनेत तो उन्हात किंचित गडद दिसतो. पेंटरने पुढच्या दारापर्यंत क्लिअर नेऊन तो मिसळण्याचे वेगळे २,००० सांगितले होते, ते मी नाकारले. हा फरक मला चालेल. मेणाचा मात्र मी एक डबा जास्तीचा आणला आणि उजव्या, चांगल्या सिललाही आतून दिले.


घोडबंदरकर
२० जानेवारी २०२५

हा धागा वाचून काल मी माझ्या गाडीच्या खालच्या कोटिंगला एका जागी नखाने उचकटले. तळहाताएवढा थर एकसंध निघाला आणि त्याला आतून गंजाची भुकटी चिकटलेली होती. पत्रा अजून घट्ट आहे, भोक पडलेले नाही. आता सगळे कोटिंग काढावे लागेल का?


रंगरसायन, कोपरखैरणे
२० जानेवारी २०२५

तुम्ही वेळेवर पाहिले हे फार चांगले झाले. जिथे ते सुटते आहे तिथून सुरुवात करून घट्ट चिकटलेला भाग लागेपर्यंत काढा. हीट गनने मंद गरम केले की पत्र्याच्या खरवडणीने ते सोलता येते, फक्त पेट्रोलची टाकी आणि नळ्या यांच्या जवळ उष्णता नेऊ नका. जे घट्ट आहे ते राहू द्या. उघड्या झालेल्या जागेला घासणे, धुणे, सुकवणे, रूपांतरक आणि इपॉक्सी या क्रमाने घ्या. त्यानंतर हवे असल्यास नवे कोटिंग द्या. मग ते चांगल्या प्रायमरवर बसलेले असेल आणि त्याचे खरे काम, म्हणजे खडी-चिखलाचा मार झेलणे, ते नीट करील.


खाडीवारा, नेरूळ
६ जुलै २०२५

गेले तीन आठवडे इथे संततधार आहे. गालिच्याखाली चारही बाजूंना मी वर्तमानपत्रे पसरून ठेवली होती आणि दर रविवारी ती काढून पाहतो. डाव्या बाजूची चार रविवार पूर्ण कोरडी निघाली. जोराच्या पावसानंतर सिलच्या भोकांतून पाणी थेंब थेंब बाहेर पडताना दिसते, तेव्हा फार समाधान वाटते. आज मात्र डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात वाटीभर पाणी सापडले. पाइपने पुन्हा तीच चाचणी केली, तेव्हा डाव्या मागच्या दिव्याचे रबरी गॅस्केट चपटे झालेले आढळले. नवे १८० रुपयांना मिळाले आणि बसवले. खड्ड्याच्या तळाला हलका तांबूसपणा आला आहे. एवढ्या पावसात तिथे प्रायमर लावावा का?


पत्राकाम, ठाणे
६ जुलै २०२५

आत्ता प्रायमर लावू नका, ओल कोंडली जाईल. खड्ड्याच्या तळाला एक रबरी बूच असते. ते काढा, जागा गोड्या पाण्याने धुऊन कापडाने कोरडी करा आणि मेणाचा पातळ हात द्या. बुचाची कड कडक झाली असेल, तर ते बदला आणि बसवताना खालून दाबून पाहा, नाहीतर चाकाने उडवलेले पाणी तिथूनच वर येईल. स्टेपनी दिवाळीपर्यंत महिन्यातून एकदा उचलून पाहत जा. घासणे आणि इपॉक्सी नोव्हेंबरमध्ये करू.